एबीएसचा दिवा: सेन्सर बदलला तरी परत लागतोय. मॉड्यूल बदलण्याआधी काय तपासावं?

रंकाळाकाठ
सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गाडीच्या विषयावर पहिल्यांदाच धागा काढतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी २०१८ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७१,००० किलोमीटर झालेत. मी रोज कोल्हापुरातून कळे गावाच्या पुढे शाळेवर जाते, म्हणजे गगनबावड्याचाच रस्ता. जुलैच्या शेवटी धो धो पावसात घरी येताना मीटरवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की विझायचा. मग कधी दहा मिनिटांनी, कधी दोन दिवसांनी परत. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, "डावं पुढचं चाक, सेन्सर" असं आलं म्हणाले आणि सेन्सर बदलला. ४,२०० रुपये. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी दिवा हजर. पुन्हा नेली, पुन्हा तोच कोड (दोषाचा क्रमांक). आता म्हणतात, सेन्सर तर नवा आहे, म्हणजे मॉड्यूलच (एबीएस चालवणारा छोटा संगणकच) गेलंय. ३८,००० रुपये, निम्मे आगाऊ.

पैसे घालायला माझी ना नाही, पण चुकीच्या जागी घालायचे नाहीत. आणि दोन-तीन महिन्यांत ऊस सुरू होईल. त्या रस्त्यावर अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमागून गाडी काढावी लागते, एबीएस बंद ठेवून हंगामात उतरायची माझी तयारी नाही. मॉड्यूलला हात घालण्याआधी घरच्या घरी किंवा चांगल्या माणसाकडून काय काय तपासून घेता येईल?

---

उसाचा_फड
सोमवार, रात्री ९:३४

ब्रेक लागतोय ना? मग चालवा बिनघोर. आमच्या जुन्या जीपला कुठं होतं एबीएस? वीस वर्षं राधानगरी-दाजीपूर केलं.

---

बिडाची_भट्टी
सोमवार, रात्री ९:४१

मॉड्यूल अजिबात बदलू नका. आधी तो जुना सेन्सर परत मागून घ्या. बहुतेक चांगलाच निघेल.

---

पंचगंगातीर
सोमवार, रात्री १०:२०

मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या पुण्यात वाहन उद्योगात ब्रेकच्या कामात आहे. जरा लांबण लावतो, कारण या दिव्यापायी लोकांचे नाहक पैसे जाताना फार पाहिलंय.

पहिली गोष्ट, कोड हा निकाल नसतो, तो पत्ता असतो. "सी ००३५" म्हणजे डाव्या पुढच्या चाकाच्या वेगाची माहिती मॉड्यूलला नीट मिळत नाही, एवढंच. त्या पत्त्यावर सेन्सर राहतो, त्याची वायर राहते, कपलर (वायरी जोडणारा प्लग) राहतो, चाकाबरोबर फिरणारी रिंग राहते आणि सगळ्यात शेवटी मॉड्यूल. गॅरेजवाल्यांनी घरातल्या एका माणसाला बाहेर काढलं, भांडण मिटलं नाही. तिथून थेट शेवटच्या माणसावर उडी मारली. मधले तिघे कुणी विचारातच घेतले नाहीत.

दुसरं, बऱ्याच गाड्यांत कोडच्या मागे आणखी दोन अंक असतात. सर्किट तुटलंय, शॉर्ट झालंय, की सिग्नल येतोय पण वेडावाकडा, हे त्यावरून कळतं. नेमका काय कोड आला तो लिहून घ्या. नुसतं "सेन्सर आला" पुरत नाही. बाजारात पाच-सहाशेला मिळणारं छोटं ब्लूटूथ यंत्र बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतं. एबीएसचे 'सी'ने सुरू होतात, त्यासाठी तुमच्या गाडीच्या एबीएसशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो.

तिसरं, सेन्सर दोन जातींचे. जुन्या पद्धतीचा म्हणजे लोहचुंबकाभोवती तारेचं वेटोळं. समोरून दातेरी रिंग फिरली की त्यात एसी व्होल्टेज तयार होतं. त्याचा रोध मल्टीमीटरवर साधारण एक-दोन किलोओहम दिसतो (नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा), आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टच्या काट्यावर थोडे मिलिव्होल्ट उमटतात. नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी दुसरी जात असते. त्याला मॉड्यूलकडून वीज पुरवावी लागते, चाक फिरताना तो साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशी धारा खालीवर करतो. या जातीच्या सेन्सरला ओहमचा मीटर लावायचा नाही. आकडा काही कळत नाही आणि सेन्सरला इजा होऊ शकते. चावी चालू करून कपलरवर बॅटरीच्या आसपास व्होल्टेज येतंय का, हे बघायचं.

चौथं आणि सगळ्यात उपयोगाचं: स्कॅनरवर चारही चाकांचा वेग एकाच वेळी बघा. सरळ रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक आकडा मधूनच शून्यावर पडला, तर तो कधी पडतो त्यावरून अर्धं निदान होतं. हळू जातानाच पडतो? खड्ड्यात? वळणावर? दोन किलोमीटरचं काम आहे, गॅरेजवाल्याला शेजारी बसवा आणि तुम्ही चालवा.

---

पंचगंगातीर
सोमवार, रात्री १०:३१

@उसाचा_फड, साधा ब्रेक लागतो हे खरं. एबीएसने स्वतःला बाजूला काढलं की गाडी बिनएबीएसच्या गाडीसारखी थांबते. पण पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचं वाटप करणारी यंत्रणाही बंद असू शकते, किंवा ब्रेक ऑईल खाली गेलेलं असू शकतं. मग मागची चाकं आधी अडकून गाडी आडवी फिरायची भीती असते. पिवळा एकटा असेल तर सांभाळून गॅरेजपर्यंत जा. दोन्ही लागले तर गाडी तिथंच बाजूला घ्या. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, मी हात जोडून सांगतो.

---

दुचाकी_शाहूपुरी
सोमवार, रात्री १०:४८

माझ्या मोटारसायकलला पण येतो हो हा दिवा. मधल्या स्टँडवर लावून चेन साफ करायला मागचं चाक गिअरमध्ये फिरवलं की लगेच. काय बदलावं लागेल?

---

बिडाची_भट्टी
सोमवार, रात्री १०:५५

@दुचाकी_शाहूपुरी काहीच नाही! मागचं चाक पळतंय आणि पुढचं जाग्यावर, मग त्या बिचाऱ्या मॉड्यूलला वाटतं पुढचा सेन्सर मेला. चावी बंद करून चालू करा आणि थोडं चालवा, विझेल. चेन हाताने फिरवून साफ करा. इंजिनवर चाक फिरवून चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं गेलेली मी कारखान्यात पाहिलीत, चेष्टा नाही.

---

मिस्त्री_उद्यमनगर
मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, मी ३४ वर्षं गाड्या केल्या. आता पोरगं बघतंय गॅरेज, मी खुर्ची टाकून बसतो. पुण्याच्या भावानं लिवलंय ते समदं बराबर हाय. माझं दोनच प्रश्न.

एक, त्या चाकाला दिवा लागायच्या आधी कुणी हात लावला हुता का? बेअरिंग, शॉकऑब्सर, एक्सल, पंक्चर, काय बी.

दोन, दिवा लागतो तवा गाडी काय करत असती? सरळ पळती, वळती, का खड्ड्यात जाती?

ह्या दोन गोष्टींची उत्तरं मिळाल्याशिवाय पाना हातात घ्यायचा न्हाई.

---

आजऱ्याचा_घनसाळ
मंगळवार, सकाळी ८:१५

मिस्त्रींचा पहिला प्रश्न सोन्यासारखा आहे. माझा अनुभव ऐका.

गेल्या वर्षी पुढच्या चाकाचं बेअरिंग आवाज करत होतं म्हणून बदललं. गॅरेजमधून बाहेर पडून शंभर मीटर गेलो नाही तोच एबीएसचा दिवा. त्यांनी सेन्सर बदलला, दुसरा बदलला, तरी तेच. शेवटी एका जाणत्या माणसाने बेअरिंग बाहेर काढून दाखवलं. हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगला दातेरी रिंग नसतेच. एका बाजूच्या सीलवरच चुंबकाचे बारीक उत्तर-दक्षिण पट्टे असतात आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. बेअरिंग दिसायला दोन्हीकडून सारखं! त्यांनी उलटं दाबून बसवलं होतं. ओळखायची युक्ती सोपी आहे, बसवण्याआधी दोन्ही बाजूंना छोटी टाचणी टेकवायची. जिकडे चिकटते ती चुंबकाची बाजू. एकदा दाबलेलं बेअरिंग काढताना खराब होतं, म्हणून बेअरिंग परत नवीन घ्यावं लागलं.

---

बिडाची_भट्टी
मंगळवार, सकाळी ९:३०

टाचणीवरून आठवलं. आमचा गोकुळ शिरगावला बिडाचा कारखाना आहे. माझी गाडी चार वर्षं ग्राइंडिंगच्या शेडबाहेर लावत होतो. एबीएसचा दिवा यायला लागला. सेन्सर काढला तर टोकावर काळी मिशी! लोखंडाची भुकटी नुसती चिकटून बसली होती. आत लोहचुंबक, आणि आजूबाजूला बिडाची धूळ उडतेय, दुसरं काय होणार? मऊ कापड आणि थोडं ब्रेक क्लीनर घेऊन पुसलं, सेन्सर बसायच्या भोकातला गंज साफ केला, दिवा गेला तो गेलाच. आता कारखान्यातल्या सगळ्यांना गाड्या फाटकाजवळ लावायला सांगितलंय.

गंजाबद्दल एक जास्तीचं सांगतो. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगला की सेन्सर उचलला जातो आणि रिंगपासून त्याचं अंतर वाढतं. मग जुन्या जातीचा सेन्सर हळू वेगाला सिग्नल देईनासा होतो. सेन्सर निघत नसेल तर पकडीने पिळू नका, प्लॅस्टिक तुटून अर्धा आत राहतो.

---

निपाणी_एक्सप्रेस
मंगळवार, सकाळी ९:४४

काळी मिशी 😂 गाडी वयात आली म्हणायची.

---

रंकाळाकाठ
मंगळवार, संध्याकाळी ६:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेतून येऊन एका दमात सगळं वाचलं.

@मिस्त्री_उद्यमनगर, तुमच्या पहिल्या प्रश्नाने मी चमकले. जूनमध्ये पुढचे दोन्ही शॉकऑब्सर बदलले होते, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये. दिवा लागला जुलैच्या शेवटी, त्यामुळे माझ्या मनात त्याचा संबंध आलाच नव्हता आणि मी कुणाला सांगितलंही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज तरी माझ्याकडे नाही. दिवा लागला की माझं लक्ष दिव्यावरच जातं. आजपासून वहीत लिहून ठेवते.

@पंचगंगातीर, कोड फोन करून विचारला. "सी ००३५, सर्किट तुटलंय, अधूनमधून" असा आहे म्हणाले. जुना सेन्सरही मागून आणलाय, पिशवीत ठेवलाय.

---

पंचगंगातीर
मंगळवार, संध्याकाळी ७:०२

"सर्किट तुटलंय, अधूनमधून" आणि जूनमध्ये शॉकऑब्सर. आता माझी नजर वायरवर आहे. रिंग फुटली असती किंवा सेन्सरवर घाण असती, तर सिग्नल वेडावाकडा आल्याचा कोड आला असता. सर्किट तुटल्याचा कोड म्हणजे विजेचा रस्ताच मधून सुटतोय. मॉड्यूलमध्येही आतला टाका उकलू शकतो, ते नाकारत नाही, पण तो संशय सगळ्यात शेवटी.

---

गंगावेस_गल्ली
मंगळवार, रात्री ८:३७

रिंग फुटल्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या गाडीला दिवा कधीच आला नाही, पण सिग्नलला थांबताना अगदी शेवटच्या क्षणी, ताशी ८-१० च्या वेगाला, ब्रेकचं पेडल पायाखाली कुरकुरत थरथरायचं आणि गाडी फूटभर पुढे सरकायची. बिंदू चौकात एका रिक्षाला टेकता टेकता राहिले, छातीत धस्स झालं. एक्सलवरच्या दातेरी रिंगला गंजून चीर गेली होती. चीर सेन्सरसमोर आली की मॉड्यूलला वाटायचं चाक अडकलं, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडायचं. तेव्हा दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. कोरड्या रस्त्यावर हळू थांबताना पेडल थरथरलं तर गाडी दाखवा.

---

उसाचा_फड
मंगळवार, रात्री ९:०८

मी एबीएस वाईट म्हणत नाही. पण आमच्या पाणंदीत, सुट्या खडीवर, एबीएसची गाडी लांब जाऊन थांबते आणि साधी लवकर थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग फायदा काय?

---

पंचगंगातीर
मंगळवार, रात्री ९:४०

तुम्ही पाहिलेलं बरोबर आहे. सुट्या खडीत अडकलेलं चाक पुढे खडीचा ढीग जमवतं आणि तो ढीग गाडीला थोपवतो. एबीएस चाक अडकूच देत नाही, म्हणून अंतर वाढू शकतं. पण एबीएसचं मोठं काम अंतर कमी करणं नाही, ब्रेक दाबलेला असताना स्टेअरिंग हातात ठेवणं हे आहे. अडकलेलं चाक वळत नाही, नुसतं घसरतं. तुमच्याच शेतातून ट्रॉलीबरोबर डांबरावर आलेला चिखल, त्यावर पावसाची सर, आणि समोर अचानक सायकलवरचं पोरगं. तिथे ब्रेक पूर्ण दाबून गाडी बाजूला काढता येते ती एबीएसमुळे. १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली ती याच कामासाठी, आणि आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

---

उसाचा_फड
मंगळवार, रात्री ९:५२

सायकलवरच्या पोराचं पटलं. माझा पुतण्या त्याच रस्त्यानं शाळेला जातो.

---

लक्ष्मीपुरी_पेठ
मंगळवार, रात्री १०:१५

एक शक्यता राहिली, महापुराची. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेसुद्धा पाण्याखाली होता, गल्ल्यांतल्या गाड्यांचं काय विचारता. माझी गाडी तेव्हा गुडघाभर पाण्यात एक रात्र उभी होती. इंजिनला काही झालं नाही म्हणून आम्ही खूश. आठ महिन्यांनी एबीएस. कपलर उघडला तर पितळेच्या पिना हिरव्यागार, आतलं रबरी सील बाहेर लोंबतंय. पाणी तांब्याच्या तारेतून केशवाहिनीसारखं वीतभर आत चढलं होतं, तेवढी वायर काळी पडली होती. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एबीएसचे कपलर उघडून बघावेत. सीट धुता येतात, पिना खोटं बोलत नाहीत.

---

रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री १०:३०

@लक्ष्मीपुरी_पेठ, आमचा भाग उंचावर आहे, गाडी पुरात नव्हती. पण कपलर उघडून बघेन.

---

रंकाळाकाठ
रविवार, सकाळी १०:५०

वही भरली. पाच दिवसांत दिवा ११ वेळा लागला. त्यातल्या ९ वेळा मी स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलेलं होतं. सहा वेळा आमच्या पार्किंगमधून बाहेर पडताना, तीन वेळा शाळेच्या फाटकात वळताना. उरलेल्या दोनपैकी एक मोठा खड्डा, एक वेळ लक्षात नाही. डावीकडे वळताना एकदाही नाही. सरळ घाटात, पावसात, एकदाही नाही.

---

मिस्त्री_उद्यमनगर
रविवार, सकाळी ११:०४

सापडलं! ताई, तुमच्या वहीला माझा नमस्कार.

आता असं करा. सपाट जागा, हँडब्रेक वढा, मागच्या चाकाला दगड. चाक काढणार असाल तर गाडी घोड्यावर (लोखंडी तिवईवर) ठेवा, नुसत्या जॅकवर ठिवून खाली हात घालायचा न्हाई. जॅक सुटून दबलेली मानसं मी बघितल्यात.

डाव्या चाकाच्या आत बघा. सेन्सरची काळी वायर वर येती, शॉकऑब्सरला एक कान असतो, त्यात रबराची न्हाईतर प्लॅस्टिकची क्लिप बसती. ती हाय का? शॉकऑब्सर बदलताना लोकं क्लिप सोडवत्यात आनी परत बसवायची विसरत्यात. मग वायर लोंबती, स्टेअरिंग फिरवलं की ताणती. वरचं कातडं साबूत ऱ्हातं आनी आतली तार तुटती. बाहेरनं काय दिसत न्हाई. बोटानं चिमटत चिमटत जावा, तुटलेल्या जागी वायर मऊ, मेल्यागत लागती.

---

पंचगंगातीर
रविवार, सकाळी ११:३०

मीटरने खात्री करायची पद्धत: चाकं जमिनीवर, चावी चालू, इंजिन बंद. कपलर सोडवू नका, मागच्या बाजूने वायरच्या कडेने बारीक सुई सरकवून मीटरचे टोक लावा. (कपलर सोडवला तर काही गाड्यांत मॉड्यूल ते ओळखून पुरवठाच तोडतं.) डीसी व्होल्ट वाचा. दुसऱ्या कुणालातरी स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. इंजिन बंद असल्यामुळे जड जाईल. उजवीकडे जाताना आकडा कोसळला, तर मॉड्यूलपासून कपलरपर्यंतच्या वायरीत दोष आहे. वायरीला सुईने भोक पाडून मोजू नका, त्याच भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं.

बघण्याआधी बॅटरीचं व्होल्टेजही घ्या. बॅटरी मरायला टेकली की एबीएस स्वतःहून बंद होतं, आणि मग सगळं शोधकाम वाया जातं.

---

निपाणी_एक्सप्रेस
रविवार, दुपारी १२:१२

निकाल लागेपर्यंत मी जेवायला बसत नाही. तांबडा पांढरा गार होतोय, लवकर करा ताई!

---

रंकाळाकाठ
रविवार, दुपारी ४:४५

@निपाणी_एक्सप्रेस जेवून घ्या, सापडलं!

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने स्टेअरिंग धरलं, मी मीटर. बॅटरी १२.५ व्होल्ट. सेन्सरच्या कपलरच्या मागे ११.९. डावीकडे पूर्ण, ११.९. मध्ये, ११.९. उजवीकडे जाताना पाऊण वळणापर्यंत ११.९, आणि मग एकदम ०.३! परत आणलं, ११.९. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. मला इतका आनंद झाला की शेजारचे काका गॅलरीत आले.

सेन्सरची स्वतःची वायर वीतभरच आहे, शॉकऑब्सरजवळ कपलर आहे आणि तिथून बॉडीची वायर चाकावरच्या प्लॅस्टिकच्या आत जाते. त्या बॉडीच्या वायरीला कपलरपासून चार बोटांवर मिस्त्री म्हणाले तशी मऊ जागा लागली. आणि शॉकऑब्सरच्या कानात क्लिप नाही. उजव्या चाकाला आहे, डाव्याला नाही.

म्हणजे नवा सेन्सर बसवला तो चांगल्या सेन्सरच्या जागी. आणि ३८,००० चं मॉड्यूल बसवलं असतं, तर ते याच तुटक्या वायरीला जोडलं असतं.

आता जोड कसा द्यावा? भाचा म्हणतो सोल्डर करूया, त्याच्याकडे गन आहे.

---

मिस्त्री_उद्यमनगर
रविवार, संध्याकाळी ५:२०

सोल्डर तिथं नको. सोल्डरनं तार कडक हुती आनी ही वायर दिवसात शंभरदा हालती. कडक संपतं तिथनं परत तुटती. तुटका भाग कापून टाका, तेवढीच जाड नवी वायर घाला, चांगल्या पकडीनं तांब्याची नळी दाबा, वरनं आत गोंद असल्याली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळती ती). जोड वाकतो तिथं ठेवायचा न्हाई, वर प्लॅस्टिकच्या आत सरकवा.

---

बिडाची_भट्टी
रविवार, संध्याकाळी ५:४८

मी असहमत. नीट सोल्डर करून, जोड न हलणाऱ्या जागी नेऊन बांधला तर पंधरा वर्षं काही होत नाही. आमच्या क्रेनच्या पॅनेलला मी स्वतः केलेले जोड आहेत.

---

पंचगंगातीर
रविवार, संध्याकाळी ६:१०

पॅनेल हलत नाही, चाक हलतं. इथे मी मिस्त्रींच्या बाजूने. सगळ्यात उत्तम म्हणजे कपलरसकट तेवढा वायरीचा तुकडा नवा मिळाला तर तो घालणं. आणि दोन्ही वायरींना मूळचा पीळ आहे तो तसाच ठेवा. तो आजूबाजूच्या वायरींचा त्रास सिग्नलला होऊ नये म्हणून दिलेला असतो.

---

रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री ८:३०

काम मिस्त्रींच्या पद्धतीने एका वायरमनकडून करून घेतलं, मी शेजारी उभी होते. दोन्ही वायरींचे तुकडे बदलले, पीळ तसाच ठेवला, जोड वर आत नेले. ६५० रुपये. कापलेला तुकडा घरी आणून सोलून पाहिला. आतल्या सगळ्या तारा तुटलेल्या, टोकं हिरवी, आणि बाहेरचं काळं कातडं अगदी नव्यासारखं.

पण गाडी चालू केली तर दिवा पेटलेलाच! पोटात गोळा आला. चावी तीन वेळा बंद-चालू केली, तरी तसाच.

---

पंचगंगातीर
मंगळवार, रात्री ८:४१

घाबरू नका. गाडी चालवलीत का? बऱ्याच गाड्यांत असा दोष दुरुस्त झाला तरी मॉड्यूल त्या चाकाचा सिग्नल प्रत्यक्ष येताना बघितल्याशिवाय दिवा विझवत नाही. ताशी २० च्या वर नेऊन बघा. आणि मग स्कॅनरने जुना कोड पुसून घ्या, म्हणजे परत काही आलं तर ते नवीन आहे हे कळेल.

---

रंकाळाकाठ
मंगळवार, रात्री ९:२५

रंकाळ्याला एक चक्कर मारून आले. गल्लीच्या कोपऱ्यावर विझला. परत पार्किंगमध्ये येऊन स्टेअरिंग दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा फिरवलं. मीटरवर दिव्याच्या जागी अंधारच. उद्या कोड पुसून घेते.

---

गंगावेस_गल्ली
मंगळवार, रात्री ९:४०

अभिनंदन! एबीएस खरंच काम करतंय का, हे पण एकदा बघा. दिवा विझणं वेगळं आणि एबीएसचा पंप चालणं वेगळं.

---

पंचगंगातीर
मंगळवार, रात्री १०:०५

बरोबर मुद्दा. चावी लावल्यावर दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. अजिबातच लागत नसेल तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय असं समजा. गाडी हलल्यावर पहिल्यांदा थोडा वेग येताना बऱ्याच गाड्यांत पंपाचा "टक्" किंवा गुरगुर असा आवाज येतो, ती त्याची स्वतःची परीक्षा. स्कॅनरवरून पंप आणि झडपा चालवूनही बघता येतात.

रस्त्यावरची परीक्षा रहदारीत कधीच नको. पूर्ण मोकळी, ओली जागा, मागे-पुढे कुणी नाही, ताशी ३०-४०, पट्टा बांधलेला, आणि पेडल एकदम पूर्ण दाबून धरायचं. पायाखाली जोरात धडधड येईल. बहुतेक लोक त्या धडधडीला घाबरून पाय उचलतात, तो उचलायचा नाही. पेडल दाब-सोड करू नका, ते काम एबीएसचं एबीएस करतं. आणि ब्रेक ऑईल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑईलचा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलेल्या ऑईलसाठी ही किमान मर्यादा १५५ वर येते. गगनबावड्याचा घाट उतरताना हा फरक जाणवतो.

---

रंकाळाकाठ
शनिवार, संध्याकाळी ७:१५

ऑईल बदललं. कोड पुसला. आज सकाळी भाच्याबरोबर एका मोकळ्या ओल्या मैदानात जाऊन ब्रेक दाबून धरला. धडधड आली, गाडी सरळ थांबली, आणि दुसऱ्या वेळी दाबून धरलेलं असतानाच डावीकडे वळवून पाहिली तर वळली. आठ वर्षं गाडी चालवतेय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. त्या धडधडीची ओळख झाली ते फार बरं झालं. पाय उचलला नाही.

तेव्हापासून दिवा नाही. जूनमधल्या गॅरेजमध्येही जाऊन आले, भांडायला नाही, सांगायला. तिथल्या मुलाने उजवीकडची क्लिप नीट बघून घेतली.

---

मिस्त्री_उद्यमनगर
शनिवार, संध्याकाळी ७:३२

लई भारी ताई. डाव्या कानातली क्लिप बसवली का पण?

---

रंकाळाकाठ
शनिवार, संध्याकाळी ७:३४

बसवली. ४० रुपयांना मिळाली, मी स्वतः दाबून बसवली.